अडतीसचे रिव्हॉल्व्हर, बदललेली नळी आणि किमतीचा प्रश्न

ओहायोतील आमच्या नेमबाजी क्लबाचे एक जुने सभासद, निवृत्त पोलीस अधिकारी, गेल्या वर्षी वारले. त्यांच्या कपाटातील रिव्हॉल्व्हर विकण्यापूर्वी त्याची रास्त किंमत किती धरावी, हे पाहून देण्याची विनंती त्यांच्या पत्नीने मला केली. रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसनचे ‘मॉडेल १४’, म्हणजे जुन्या नावाने ‘के-३८ टार्गेट मास्टरपीस’. ‘अडतीस स्पेशल’ जातीची काडतुसे झाडणारे हे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आले आणि १९५७ मध्ये कंपनीने आपल्या सर्व शस्त्रांना क्रमांक दिले तेव्हा त्याला चौदा हा क्रमांक मिळाला. सिलिंडर बाहेर काढला की चौकटीच्या खाचेत ‘१४-३’ असा ठसा दिसतो. त्यावरून ते १९६७ ते १९७७ या काळातले, एवढे निश्चित झाले.

त्याच्या मूळ रूपापैकी मात्र फारच थोडे शिल्लक होते. कारखान्याच्या निमुळत्या नळीच्या जागी एक इंच व्यासाची जाड, सरळ नळी बसवलेली होती, तिच्यावर ‘ॲरिस्टोक्रॅट’ या नावाची, नेम धरण्यासाठीची लांब पट्टी होती आणि पट्टीच्या मागच्या टोकाला अंतरानुसार फिरवून बदलता येणारी दर्शी होती. घोड्याचे शेपूट कापून टाकलेले होते, त्यामुळे घोडा अंगठ्याने मागे ओढण्याची सोयच उरली नव्हती. प्रत्येक गोळी पूर्ण चाप ओढूनच झाडायची. सिलिंडरच्या सहाही घरांच्या कडा किंचित उतरत्या केलेल्या होत्या, म्हणजे सहा काडतुसे एका झटक्यात भरता यावीत. हे सारे बदल पोलिसांच्या ‘पीपीसी’ स्पर्धेसाठीचे. ७ यार्डांपासून ५० यार्डांपर्यंत, वेळेच्या बंधनात दीडशे गोळ्या आणि एकूण १५०० गुण, असे तिच्या मुख्य सामन्याचे स्वरूप असते. कारखान्यातून निघालेले हे रिव्हॉल्व्हर सुमारे ३८ आउन्सांचे असते. आमच्या स्वयंपाकघरातील काट्यावर हे ५३ आउन्स भरले. हा वाढलेला भार नळीच्या टोकाकडे असल्यामुळे हात स्थिर राहतो, पण कमरेला लावून हिंडण्याच्या कामाचे ते राहत नाही.

बाईंनी माझ्याआधी एका व्यावसायिक मूल्यमापकाकडे ७५ डॉलर भरले होते. त्यांच्या अहवालात तीनच ओळी होत्या: मॉडेलचा क्रमांक, ‘मूळ स्थितीत नाही’ असा शेरा आणि ४०० डॉलर हा आकडा. शेरा खरा होता, आकडाही अगदी हवेतला नव्हता, परंतु एवढ्यासाठी पैसे घेणे मला पटले नाही. नळी कोणाच्या हातची, सिलिंडर नळीशी नेमका जुळून अडकतो की नाही, चाप किती वजनाला सुटतो, यांपैकी एकाही प्रश्नाला त्यांनी हात घातला नव्हता. रिव्हॉल्व्हर झाडून पाहिलेले तर नव्हतेच.

संग्राहकाच्या नजरेने पाहिले तर मूल्यमापकाचे म्हणणे योग्यच आहे. संग्राहकाला कारखान्याची निळसर झाक, जुळणारे क्रमांक आणि मूळ पेटी हवी असते. नळी बदलली की त्याच्या लेखी मूळ रूपही तिच्याबरोबर जाते. शिवाय ५० वर्षांपूर्वीचे शस्त्र अमेरिकी कायद्यात ‘जुनी दुर्मीळ वस्तू’ ठरत असले, तरी ती सवलत मूळ रूपातल्या शस्त्रालाच मिळते. असे बदललेले रिव्हॉल्व्हर संग्राहकाने आपल्या खास परवान्यावर परराज्यातून मागवण्याच्या भरीस पडू नये. म्हणजे गिऱ्हाइकांचा एक अख्खा वर्ग इथेच गळतो.

नेमबाजाचा हिशोब वेगळा असतो. रॉन पॉवर, ट्रॅव्हिस स्ट्रॅहन किंवा बिल डेव्हिस यांच्यासारख्या नामांकित कारागिरांचे काम असल्याचे सिद्ध झाले, तर अशा रिव्हॉल्व्हरला मूळ स्थितीतल्यापेक्षाही जास्त भाव येऊ शकतो. येथे तसे काही नव्हते. काडतुसांच्या डब्यात एक पिवळी पडलेली पावती सापडली, तिच्यावर नळी, पट्टी आणि ‘ॲक्शनचे’, म्हणजे चाप-घोड्याच्या यंत्रणेचे, काम अशा तीन नोंदी होत्या, परंतु कारागीर त्या परगण्याबाहेर कोणाला माहीत नसावा. त्याच डब्याच्या तळाशी एका लोकरी मोज्यात मूळ नळी गुंडाळून ठेवलेली होती, आणि किमतीच्या दृष्टीने मला पावतीपेक्षा हा मोजा अधिक मोलाचा वाटला. (कोल्हापूरच्या माझ्या मामेभावाला या वस्तूचे ‘काही लाख’ होतील असे वाटत होते. परदेशी रिव्हॉल्व्हरांची आयात १९८० च्या दशकापासून बंद असलेल्या देशातला तो भाव. ओहायोत त्याचा उपयोग नाही.)

मग ते क्लबात नेऊन झाडले. सिलिंडर आणि नळी यांमधली फट पात्यांच्या मापाने सहा हजारांश इंच भरली, आणि सहाही घरांना सिलिंडर वेळेत अडकत होता. १४८ ग्रेनच्या सपाट तोंडाच्या गोळ्यांनी, वाळूच्या पिशवीवर हात टेकवून, २५ यार्डांवर सहा भोके दीड इंचात बसली. चाप साडेसात पौंडांना, कुठेही न अडखळता सुटत होता. तक्रार एकच, पण गंभीर: पन्नासपैकी तीन काडतुसे पेटली नाहीत. चाप हलका करण्याच्या नादात मुख्य कमानीची ताण देणारी मळसूत्री खिळी ढिली ठेवली, की घोड्याचा आघात कमी पडतो. फेडरल कंपनीची, मऊ टोपीची (टोपी म्हणजे आघाताने पेटणारा बुडाचा भाग) काडतुसे तेवढ्यावरही पेटतात, आणि अधिकारी बहुधा तीच वापरत असावेत.

नुकत्याच झालेल्या लिलावांत पेटीसह, न बदललेले ‘मॉडेल १४’ एक हजार डॉलरांच्या आसपास गेल्याचे मी पाहिले होते. विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती मी धरल्या नाहीत, कारण मागायला कोणाचे काय जाते. त्यातून मी मूळ नळीसह ८०० आणि नळीविना ६५० असे दोन आकडे बाईंना लिहून दिले. पावतीतल्या मजुरीची रक्कम त्यांत मिळवली नाही. ती अधिकाऱ्यांनी स्पर्धांत केव्हाच वसूल केली असणार. खिळी पूर्ण आवळल्यावर चाप साडेआठ पौंडांवर गेला आणि दुसरी पन्नास काडतुसे एकही न चुकता पेटली. तेही त्याच चिठ्ठीवर, किमतीखाली, लिहून ठेवले.