चेक इंजिनचा लाईट लागलाय: डोंगल घ्यायचा, गॅरेजचा स्कॅनर लावायचा की सरळ सर्व्हिस सेंटर?

पिवळा लाईट लागला की बरेच जण बॅटरीची वायर काढून तो घालवतात, नाहीतर घाबरून गाडी सर्व्हिस सेंटरला नेऊन सोडतात. मधे दोन पर्याय आहेत, आणि वॉरंटी संपलेल्या पेट्रोल गाडीला बहुतेक वेळा तेवढे पुरतात. (लाईट लुकलुकत असेल तर मात्र काही तुलना करत बसू नका, मिसफायर चालू आहे (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही), न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा डबा) जाऊन तो बाद होतो. गाडी बाजूला घ्या.)

डोंगल म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषाचे कोड फोनवर दाखवणारा ईएलएम३२७ चिपवाला ब्लूटूथचा डबा, पाचशे-हजारात मिळतो. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं त्यात लावायचा आणि फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनर ॲप टाकायचं. बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवायची व्यवस्था) सक्तीचं आहे त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत सहसा अडचण येत नाही, त्याआधीची असेल तर घ्यायच्या आधी कुणाचा तरी मागून लावून बघा. आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथवाला घेऊ नये, वायफाय किंवा बीएलई (ब्लूटूथ लो एनर्जी) बघावा. आणि काम झालं की काढून ठेवा, त्या सॉकेटला चावी बंद असतानाही करंट असतो, गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते.

हँडहेल्ड कोड रीडर दीड-दोन हजारांपासून पुढे आहेत, फोन लागत नाही एवढाच फायदा. माझ्या मते पैसे वाया.

आता मुद्द्याचं. कोड कुठला पार्ट बदलायचा ते सांगत नाही. पी०१७१ आला म्हणजे मिश्रण लीन आहे (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), एवढंच. गॅरेजवाला स्कॅनर लावतो, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय साहेब" म्हणतो, आणि काही हजार गेल्यावर आठवड्याने लाईट परत लागतो, कारण सेन्सर बिचारा खरंच सांगत होता आणि मागे व्हॅक्यूमचा पाइप तडकलेला होता. इथे त्या पाचशेच्या डोंगलवर फ्युएल ट्रिम बघायचं, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते: आयडलला +२० च्या आसपास आणि अडीच हजार आरपीएमला नॉर्मलकडे येतंय तर बाहेरून हवा ओढतेय, उलट लोड दिल्यावर वाढत जातंय तर फ्युएल पंप किंवा फ्युएल फिल्टरकडे बघा. शॉर्ट (त्या क्षणाची) आणि लाँग (शिकून ठेवलेली) दोन्ही ट्रिमची बेरीज ±१० च्या आत असेल तर साधारण ठीक. जोडीला मल्टिमीटर असू द्या, सेन्सरच्या कपलरला सप्लाय (बऱ्याच सेन्सरना ५ व्होल्ट, ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरला १२) आणि अर्थ येतोय का हे बघितल्याशिवाय सेन्सर बदलू नये. पावसाळ्यानंतर आणि उंदरांनी वायर कुरतडल्यावर दोष बऱ्याचदा वायरिंगमध्येच सापडतो.

गॅरेज निवडताना स्कॅनर ऑटेल कंपनीचा आहे की लाँचचा हे नंतर विचारा, आधी विचारा की लाइव्ह डेटा (इंजिन चालू असतानाचे सेन्सरचे आकडे) बघून सांगणार की नुसता कोड उडवून देणार. दुसरं असेल तर ते काम तुमचा डोंगल फुकटात करतो. मोठ्या स्कॅनरचा खरा उपयोग एबीएस, एअरबॅग, पार्ट चालवून बघायच्या टेस्ट यांना आहे, स्वस्त डोंगलवर हे सहसा होत नाही.

सर्व्हिस सेंटरला कधी? वॉरंटी असेल तर आधी तिथेच, वायर तर अजिबात सोलू नका. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलायचा असेल, सॉफ्टवेअर अपडेट असेल किंवा चावीचं इमोबिलायझर (चोरीपासूनचं लॉक) रुसलं असेल तरी तिथेच. बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफचं (काजळी अडवणारा फिल्टर) फोर्स्ड रिजनरेशन म्हणजे साठलेली काजळी मुद्दाम जाळणं, इंजेक्टर कोडिंग म्हणजे नव्या इंजेक्टरचा नंबर कॉम्प्युटरला देणं, असली कामं निघतात, ती चांगला स्कॅनर असलेला बाहेरचा माणूसही करतो, पण तसा माणूस ओळखीचा नसेल तर सर्व्हिस सेंटरचं बिल भरलेलं परवडतं.

कुठेही गेलात तरी कोड स्वतः उडवून जाऊ नका. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम पुसली जाते, म्हणजे दोष आला तेव्हा स्पीड, आरपीएम, इंजिनचं टेंपरेचर किती होतं ती नोंद. डोंगल असेल तर तिचा स्क्रीनशॉट काढा आणि मेकॅनिकला दाखवा.