हिरड्यांचा गंभीर आजार: हत्याराने सफाई की प्रकाशाचा उपचार?

हिरडी दातापासून सुटून 6 मिलिमीटर किंवा त्याहून खोल फट झाली, की आधी 'डीप क्लीनिंग' करतात. भूल देऊन मुळांना चिकटलेलं किटण खरवडून काढायचं. नंतर काही दिवस दात शिवशिवतात, पण जंतूंचा थाराच मोडतो.

फोटोडायनॅमिक उपचारात फटीत मिथिलीन ब्लूसारखा रंग सोडून लाल प्रकाश टाकतात. त्यातून तयार होणारा क्रियाशील ऑक्सिजन जंतू मारतो. त्रास कमी, पण किटण तिथेच! त्यामुळे हा उपचार फार तर सफाईच्या जोडीला. युरोपीय हिरडीतज्ज्ञांच्या महासंघाने 2020 मध्ये तीही जोड न देण्याचंच सुचवलं. माझ्या मते पैसे आधी नीट सफाईवर आणि पुढच्या फेरतपासण्यांवर खर्चावेत. धूम्रपान सुटलं नाही, मधुमेह आटोक्यात आला नाही, तर दोन्ही उपचार तोकडे पडतात.