चाळीस हजार सोडवेनात म्हणून

पहलगामचा गोळीबार झाला तो दिवस २२ एप्रिल २०२५. आमची काश्मीर सहल होती ९ मेची. मी, बायको, मुलगी आणि आई. माणशी साडेअडतीस हजार, म्हणजे एकूण १ लाख ५४ हजार, आणि त्यातले चाळीस हजार फेब्रुवारीतच भरून बसलेलो. गेलेल्या सव्वीस जणांत डोंबिवलीचे तिघं होते. त्या रात्री घरात सहलीचं नावही कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी टूरवाल्याला फोन लावला. तो ठाण्याचा, आम्ही नाशिकचे. आदल्या वर्षी शेजाऱ्यांना नीट फिरवून आणलं होतं, एवढीच आमची चौकशी. म्हणाला, "सर, विमानं चालू, हॉटेलं चालू. तुम्ही स्वतःहून रद्द केलंत तर अ‍ॅडव्हान्स बुडाला. ३० तारखेच्या आत बाकी भरा, नाहीतर एअरलाइन आपल्या सीट सोडून देईल."

२९ तारखेला बातमी आली की काश्मीरमधल्या ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळं बंद. ती त्याला पाठवली. उत्तर आलं, "दल लेक चालू आहे सर."

आई म्हणाली, "चाळीस गेले समज. आणखी घालू नकोस." मला ते चाळीस सोडवेनात. कंपनीच्या खात्याला काहीतरी अडचण आहे, या नंबरवर जीपे करा, असं तो म्हणाला. नंबर उघडला तर कुणा बाईचं नाव. लेटरपॅडवरच्या पावतीत पाच टक्के जीएसटी धरलेला, पण जीएसटी नंबर कुठेच नाही. हे सगळं मला तेव्हाच दिसत होतं, दिसलं नाही म्हणालो तर ते खोटं ठरेल. यूपीआयला दिवसाला लाखाची मर्यादा, म्हणून लाख त्या रात्री गेले आणि उरलेले चौदा हजार सकाळी. म्हणजे फेरविचाराला अख्खी रात्र मिळाली होती. मी झोपलो.

७ मेला श्रीनगरचा विमानतळच बंद झाला. टूरवाला म्हणाला, "आपल्या हातात नाही सर, क्रेडिट नोट घ्या, वर्षभरात कधीही चला." पण विमान कंपनीने उड्डाण रद्द केलं की तिकिटाचे पूर्ण पैसे परत येतात, मग क्रेडिट नोट कसली? पीएनआर मागितला. चार दिवसांनी सहा अक्षरं आली. आडनाव टाकून विमान कंपनीच्या साइटवर काही उघडेना. कॉल सेंटरच्या मुलीने सांगितलं, हे नुसतं ग्रुप ब्लॉकिंग होतं, म्हणजे तिकीट न काढता राखून ठेवलेल्या सीट, ३० तारखेपर्यंत पैसे आले नाहीत म्हणून सुटलं. मी लाख पाठवले त्याच्या दुसऱ्याच दिवशी!

श्रीनगरच्या हाउसबोटवाल्याला फोन केला. "इस नाम से तो कोई बुकिंग ही नहीं है, जनाब." मग आम्ही सगळे सुखरूप आहोत ना, हे त्यानेच विचारलं. सीझन बुडालेला माणूस, आणि माझ्या पैशातला एक रुपयाही त्याच्यापर्यंत पोचलेला नव्हता.

तुमची एखादी सहल अशी लटकलेली असेल तर बाकी भरण्याआधी हॉटेलला स्वतः फोन करा आणि पीएनआर स्वतः उघडून बघा. ग्रुप तिकिटात नावं बऱ्याचदा शेवटी पडतात, हेही खरं. तसं असेल तर पैसे टूर कंपनीच्याच खात्यात टाका, आणि सहल झाली नाही तर किती परत मिळणार ते लेखी घ्या. फोनवरच्या 'सर'ला काडीची किंमत नाही.

ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ला, तक्रार नोंदवली. वकिलाची नोटीस गेली. तेव्हा कुठे तीन हप्त्यांत पंचावन्न हजार आले आणि मग तो थंड झाला. 'वाद फक्त ठाणे न्यायालयात' असं त्याच्या अटींत छापलंय. पण २०१९च्या ग्राहक कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात जाता येतं, मुदत दोन वर्षांची आणि पाच लाखांपर्यंत फीही नाही. नाशिकला कागद दिलेत.

मध्यंतरी त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला दल लेकमधल्या शिकारा बोटीचा फोटो झळकला. 'मर्यादित जागा, आजच बुक करा.' मी खाली एवढंच लिहिलं, पीएनआर काय? दोन निळ्या खुणा उमटल्या आणि तासाभरात त्याचा डीपी दिसेनासा झाला.