भाकऱ्या थापताना बायबल: मराठी ऑडिओ बायबल ॲप, वर्षभर वापरून

जय ख्रिस्त सगळ्यांना. महिला मंडळात दोघीतिघींनी विचारलं की स्वयंपाक करताना ते काय लावतेस गं, चांगलं आहे का, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मला कुणाशी भांडायचं नाहीये, ज्यांना हवंय त्यांना मी व्हॉट्सॲपवर सांगितलंय. फुकट आहे, मराठीत आहे, अख्खं बायबल कुणीतरी वाचून दाखवतं. बास, एवढंच ते ॲप.

माझा दिवस साडेपाचला सुरू होतो. दोन डबे, सासूबाईंची बीपीची गोळी, पाणी आलं की टाकी, आणि सव्वाआठची बस. 'शांत समय' हा शब्द मी संडे स्कूलपासून ऐकतेय, सकाळी उठून अर्धा तास फक्त देवासोबत, आणि खरं सांगायचं तर लग्नाला सतरा वर्षं झाली पण तो मला एकदाही धड जमलेला नाही. रात्री बायबल उघडलं की तिसऱ्या वचनाला डोळे मिटतात. दरवर्षी १ जानेवारीला वर्षात बायबल संपवायचा निश्चय आणि दरवर्षी लेवीय या तिसऱ्याच पुस्तकात गाडी रुतते, ती अर्पणं आणि कोडाचे नियम सुरू झाले की संपलं. वर मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सगळ्यांसमोर साक्ष द्यायची, देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायची वेळ आली की अपराधी वाटतं ते वेगळंच. म्हटलं वाचून होत नाही तर ऐकून बघू.

हिशोब सोपा आहे. बायबलमध्ये १,१८९ अध्याय आहेत, रोज ३ आणि रविवारी ५ केले की वर्षात आरामात बसतात, आमचे आधीचे पाळकसाहेब हेच सांगायचे. ३ अध्याय म्हणजे साधारण माझ्या सात-आठ भाकऱ्या आणि एक भाजी, कधी कुकरची शिट्टी मध्ये येते तेवढंच.

आता सोय कशी ते सांगते. फोन रिकाम्या स्टीलच्या पातेल्यात उभा ठेवते, आवाज छान घुमतो, स्पीकर घ्यायची गरज नाही. हात पिठाचे असतात त्यामुळे मध्येच थांबवायचं झालं तर बोटानं होत नाही, मी कोपरानं दाबते, तीनदा दाबलं की एकदा लागतं आणि त्यात चुकून पुढचा अध्याय सुरू होतो. मोठं बटण द्यायला काय जात होतं कुणास ठाऊक, हे ॲप करणाऱ्यानं आयुष्यात कणीक मळलेली नाही हे नक्की. वाचणारा एक पुरुष आहे, आवाज साधा, नाटकीपणा नाही, हे मला फार आवडलं. मागं व्हायोलिनसारखं काहीतरी वाजतं ते मात्र मी पहिल्या आठवड्यातच बंद केलं (सेटिंगमध्ये अगदी खाली आहे, शोधा). वेग सव्वापट करते, वंशावळ्या असतील तर दीडपट, देवा क्षमा कर.

आणि लेवीय पार पडलं! हात कामात असले की कान कंटाळत नाही हे मला पहिल्यांदा कळलं. समजलं सगळं असं नाही, पण पार पडलं. मग पुढचं पुस्तक, गणना. तिथं तर नावं आणि आकडेच, २६वा अध्याय म्हणजे निव्वळ शिरगणती, मी अर्धं लक्ष भाकरी फुगते का याच्यावर ठेवून ऐकत होते. आणि २७व्याला अचानक पाच बहिणी येऊन उभ्या राहतात. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. सलाफहादच्या मुली. मोशेसमोर, याजकासमोर (म्हणजे पुरोहित), सरदारांसमोर, अख्ख्या मंडळीसमोर उभ्या राहून म्हणतात की आमचा बाप रानात मेला, त्याला मुलगा नव्हता, म्हणून त्याचं नाव का पुसायचं, आम्हाला आमच्या चुलत्यांमध्ये वतन, म्हणजे जमिनीचा वाटा, द्या. मोशेनं ते देवापुढं नेलं आणि देव म्हणाला, मुली बरोबर बोलतायत, द्या त्यांना.

माझी तव्यावरची भाकरी काळी झाली. खोटं नाही सांगत.

कारण त्याच आठवड्यात भावाचा फोन आलेला. वडिलांची नगरकडं दीड एकर जमीन आहे, ते जाऊन दोन वर्षं झाली, सातबाऱ्यावर नावं लागायची आहेत, तर ताई तू तेवढी हक्कसोडपत्रावर सही करून जा, एका दिवसाचं काम आहे. आपल्या लोकांना १९२५चा भारतीय वारसा कायदा लागू होतो, मृत्युपत्र नसेल तर मुलगा-मुलगी दोघांना सारखा वाटा, हे मला माहीत होतं, पण मी ख्रिस्ती बाई, भावाकडं काय मागायचं, देव मला देईल, असं म्हणून मी सही करायला निघालेच होते. आणि बोलू नये पण त्याला मी विश्वास म्हणत होते. त्या बहिणींना भाऊ नव्हता आणि मला आहे, गोष्ट सारखी नाही, ते मलाही कळतं. पण मागणं म्हणजे अविश्वास असं मी जे धरून बसले होते ते त्या दिवशी गेलं. चाळीस वर्षं चर्चला जातेय, मातृदिनाला दरवर्षी नीतिसूत्रे ३१ची सद्गुणी स्त्री ऐकतेय, उत्तररात्री उठणारी, लोकर कातणारी, हे पाच जणींचं कुणी कधी सांगितलंच नाही. (शेवटी ३६व्या अध्यायात चुलते येऊन लग्न आपल्याच वंशात करायची अट घालून गेलेच, म्हणजे भाऊबंदकी तेव्हाही तशीच होती.) भावाशी काय बोलणं झालं ते इथं नको, चालू आहे अजून.

म्हणून माझं म्हणणं असं की ॲप घ्याल तर सलग ऐका, उत्पत्तीपासून. कारण त्याच ॲपमध्ये 'खास ख्रिस्ती स्त्रियांसाठी' म्हणून २१ दिवसांची मनन योजना आहे आणि ती अत्यंत बेकार आहे. मी आठ दिवस केली. इंग्रजीतून तशीच उचललेली, भाषा अशी की 'आपल्या हृदयाच्या बागेला पाणी घाला'. दुसऱ्या दिवशी सांगतात, गरम कॉफीचा मग घेऊन खिडकीपाशी तुमच्या आवडत्या आरामखुर्चीत बसा. आमच्या घरात एक खुर्ची आहे, तिच्यावर इस्त्रीचे कपडे असतात. सगळ्या मननांत बाईला एकच दुखणं, मला माझी किंमत कळत नाही, आणि एकच औषध, तू देवाची राजकन्या आहेस. अरे पण घरात म्हातारं माणूस आहे, नवऱ्याच्या कंपनीत कामाला ब्रेक लागलाय, पोरीला दहावीला गणित जमत नाही, त्याचं काय? बायबलमधली हन्ना मूल होत नाही म्हणून मंदिरात रडत होती तर तिचे नुसते ओठ हलताना बघून एली याजकाला वाटलं ही प्यालीय. तिचा एवढासा प्रसंग त्या २१ दिवसांपेक्षा भारी आहे, आणि तो शमुवेलच्या पहिल्याच अध्यायात फुकट पडलेला आहे.

इथं मला नेहमी पंडिता रमाबाई आठवतात. स्वतः संस्कृतच्या पंडिता, पण हिब्रू-ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणलं ते साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणून, आणि केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायका-मुलींनीच ते छापलं. बाई १९२२ला गेल्या, अख्खं बायबल छापून आलं १९२४ला. शंभर वर्षांपूर्वी बाईला असं अख्खं पुस्तक हातात दिलं, आणि आता आम्हाला आरामखुर्ची.

आता मोठी तक्रार. ॲप रोजचे दिवस मोजतं, सलग किती दिवस ऐकलं त्याचा आकडा, त्याच्यावर एक दिवा. ३० दिवसांना एक बिल्ला, १०० ला एक. पहिले दोन महिने मजा वाटली. मग काय झालं की मी त्या दिव्यासाठीच लावायला लागले. खोटं कशाला बोलू, पाहुणे आले होते त्या रात्री मी आवाज बंद करून तीन अध्याय चालू ठेवले आणि झोपले, सकाळी बघते तर दिवा पेटलेला, बरं वाटलं! असं किमान पाच-सहा वेळा केलंय. देवाला फसवत नव्हते, त्याला काय माहीत नाही का, मोबाईलला फसवत होते. १४३ दिवस झालेले, ईयोबाचं पुस्तक चालू होतं, आणि सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, त्या गडबडीत चार दिवस फोनला हात लागला नाही. पाचव्या दिवशी उघडलं तर शून्य. 'पुन्हा नव्याने सुरुवात करूया!' आणि हसरा चेहरा. मला रडूच आलं, आणि आकड्यासाठी रडतोय म्हणून स्वतःचा राग पण आला. ते मोजणं आणि नोटिफिकेशन दोन्ही बंद करता येतं, प्रोफाइलमध्ये जाऊन. पहिल्याच दिवशी बंद करा, माझं ऐका.

पण त्या ऑपरेशनमुळंच पुढचं झालं. सासूबाईंना डॉक्टरांनी वाकायचं नाही, चुलीपाशी-गॅसपाशी जायचं नाही सांगितलं, त्या काळा गॉगल लावून ओट्यासमोर खुर्चीवर (हो, तीच, इस्त्रीचे कपडे काढून) बसायला लागल्या. तोवर मी स्तोत्रांत आले होते. ॲपमध्ये दोन भाषांतरं आहेत, एक आपलं नेहमीचं बायबल सोसायटीचं आणि एक सोप्या मराठीतलं, मी सोपं लावायचे. २३वं स्तोत्र लागलं. सासूबाई पहिल्याच ओळीला म्हणाल्या, "थांबव गं. हे काय? 'उणे' कुठं गेलं?"

म्हटलं, "आई, अर्थ तोच आहे, ज्याची गरज आहे ते सगळं मिळेल असं म्हणतायत."

"तोच नाही," त्या म्हणाल्या. "गरजेचं तर रेशनवर पण मिळतं. 'मला काही उणे पडणार नाही' असं आहे ते. तुझे सासरे गेले तेव्हा मी चौतीसची होते. लोकांनी काय कमी उणं बोललं का? उणं लेखलं, हळदीकुंकवाचं सोड, आपल्याच मंडळीतल्या बायका लग्नात पुढं येऊ देईनात. त्या 'उणे'वर मी दिवस काढलेत. ते लाव."

मी पिठाच्या हातानंच भाषांतर बदललं, स्क्रीन अजून तिथं खरबरीत आहे. सतरा वर्षांत त्या माझ्याशी सासऱ्यांच्या जाण्याबद्दल एवढं बोलल्या नव्हत्या. तेव्हापासून आम्ही जुनंच ऐकतो, अडलं की सोपं लावून बघतो, आणि ते दोन्ही एका क्लिकवर बदलतं ही या ॲपची सगळ्यात भारी गोष्ट आहे असं माझं मत झालंय.

अजून एक गंमत. आम्ही पिंपरीत राहतो, तुकोबांची पालखी आकुर्डीच्या मुक्कामाहून आमच्या बाजूच्या रस्त्यानं जाते, त्या दिवशी बस बंद, रजाच टाकलेली. पहाटेपासून टाळ-मृदंग. आणि ॲपवर नेमकी १२० ते १३४ ही स्तोत्रं, यात्रेकरू यरुशलेमला वर चढून जाताना म्हणायचे ती. खिडकीतून 'ज्ञानोबा-तुकाराम' आणि पातेल्यातून १२१वं. मी खिडकी लावायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, राहू दे, तेही चाललेतच की. मग त्यांनी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं एक भजन धरलं, टाळांच्या ठेक्यावर बरोबर बसलं ते. टिळकांनी अभंग लिहिले ते उगाच नाही.

बाकी बारीकसारीक. डाउनलोड सगळं एकदम करू नका, फोन भरतो, मी एकेक पुस्तक उतरवते आणि संपलं की पुसते. फोन आला की वाचन थांबतं ते ठीक, पण नंतर अध्याय पहिल्यापासून सुरू होतो, ११९व्या स्तोत्राला हे झालं की जीव जातो, १७६ वचनं आहेत त्यात. नावांचे उच्चार काही ठिकाणी आपल्यासारखे नाहीत. कॅथलिक मैत्रिणींनो, यात ६६च पुस्तकं आहेत, तोबित, यहुदीथ वगैरे तुमच्या बायबलमधली जास्तीची पुस्तकं मिळणार नाहीत. माझ्या ऑफिसातली वसईची मैत्रीण फादर दिब्रिटोंचं सुबोध बायबल वाचते, छापील, आणि मधल्या सुट्टीत आम्ही एकच उतारा दोन्हीकडं काय म्हणतोय ते बघतो, तो वेगळाच छंद लागलाय. खुणा करायला छापील लागतंच, मी चर्चमधून मोठ्या अक्षराचं घेतलं, ऐकलेलं एखादं वचन डोक्यात राहिलं तर रात्री त्याच्याखाली पेन्सिलनं रेघ मारते. गणना २७च्या समोर भाकरीच्या पिठाचा डाग आहे.

पाचपैकी साडेतीन स्टार. एक त्या दिव्यासाठी कापला आणि अर्धा आरामखुर्चीसाठी.

सासूबाईंचे डोळे आता चांगले झालेत, स्वतः वाचू शकतात, तरी साडेपाचला खुर्ची ओढून बसतात. वाचणाऱ्याला त्या 'भाऊ' म्हणतात. परवा चार्जिंग संपलं होतं तर मला विचारतात, "आज भाऊ आले नाहीत का गं?"