हवेत फिरणारी चाकं आणि आमचे साडेचोवीस हजार

कुणी तुम्हाला जुनी इलेक्ट्रिक आरसी बग्गी (रिमोटवर पळवायची छोटी रेसिंग गाडी) ‘रेस-रेडी, पूर्ण ट्यून केलेली’ म्हणून विकत असेल, आणि व्हिडिओत ती स्टँडवर चढवून हवेत चाकं गरगर फिरवून दाखवत असेल, तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. आमचे २४,५०० रुपये गेले. पण मला जास्त चीड येते ती नंतरच्या दोन महिन्यांची.

माझी लेक नववीत आहे. स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात लहानपणापासून. बग्गीचं वेड तिला माझ्याकडूनच लागलं. माझ्या शाळेच्या दिवसांत एका मित्राच्या मामांनी दुबईहून तामियाची हॉर्नेट आणली होती, १९८४ चं मॉडेल. मातीतून उड्या मारत जाणारी ती गाडी मी कधी विसरलो नाही. लेकीला तसली, पण आजची, एक दशांश मापाची मागची चाकं ओढणारी बग्गी हवी होती. नवीन घ्यायचा हिशेब मांडला. रेसिंगचं किट म्हणजे नुसते सुटे भाग. मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर), रेडिओ, बॅटरी, चार्जर सगळं वेगळं, बहुतेक माल परदेशातून येणारा. बेरीज पन्नास हजारांच्या पुढं गेली. म्हणून जुनी शोधायला लागलो.

जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर ती जाहिरात दिसली. विकणारा पुण्याकडचा, बोलायला अतिशय गोड. साडेतेरा टर्नची सेन्सर्ड ब्रशलेस मोटर, १२० अँपिअरचा ईएससी, ५००० एमएएचचे (एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) दोन टू-एस शॉर्टी, म्हणजे दोन सेलचे आखूड, बॅटरी पॅक, ‘डिफ आत्ताच रिबिल्ड केलाय’ (डिफ म्हणजे डिफरेन्शियल, वळताना मागची दोन चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग). व्हिडिओ मागितला तर दहा मिनिटांत आला. हिरव्या भिंतीसमोर निळी कटिंग मॅट, त्यावर स्टँड, स्टँडवर बग्गी. थ्रॉटल दाबला की मोटर अशी किंचाळायची की लेक म्हणाली, “बाबा, ही सोडायची नाही.” पाच हजार टोकन, उरलेले पार्सल निघायच्या आधी, सगळं यूपीआयवर. लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी विमानानं पाठवता येत नाही, रोडनं येईल, आठ दिवस लागतील, असं तो म्हणाला. कुरिअरवाले अशी पार्सलं विमानात घेत नाहीत हे मला ठाऊक होतं. एवढी बारीक गोष्ट सांगणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असं वाटलं. वर पार्सल पोचल्यापासून दोन दिवसांची ‘टेस्टिंग वॉरंटी’ त्यानं आपणहून दिली. ती कशासाठी होती, हे फार उशिरा कळलं.

पार्सल आलं, शनिवारी आम्ही घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर गेलो. लेकीनं कोरुगेटेड पाइपचे तुकडे टाकून वळणं आखली होती. पहिला अर्धा मिनिट गाडी सुसाट. मग सरळ पट्ट्यावर पूर्ण थ्रॉटल दिला की अडखळायला लागली. बोट सोडलं की लगेच ताळ्यावर, पुन्हा दाबलं की पुन्हा धक्के. पाच मिनिटांत मोटर इतकी तापली की हात लाववेना.

मी त्याच संध्याकाळी फोन केला. तो जराही चिडला नाही. “काका, घाबरू नका, गिअर मेश टाइट झाली असेल प्रवासात. पिनियन आणि स्परमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून सेट करा, मग सांगा.” केलं. फरक नाही. (पिनियन म्हणजे मोटरवरचं छोटं दातेरी चाक, स्पर म्हणजे त्याला लागणारं मोठं, आणि त्यांचे दात एकमेकांत किती घट्ट बसलेत ती मेश.) “मग पिनियन दोन दातांनी लहान लावा.” तो कोल्हापुरात मिळेना, ऑनलाइन मागवला, चार दिवस गेले. वॉरंटीचे दोन दिवस त्यातच सरले. मग स्लिपर (जादा जोर आला की घसरून गिअर वाचवणारा क्लच) सैल आहे. मग मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर कडक आहेत, ऑइल बदला. मग कॅम्बर, म्हणजे चाकांचा कल, दोन अंश ठेवा. प्रत्येक सल्ला स्वतंत्रपणे बघितला तर बरोबर होता, बग्गी ट्यून करणारी माणसं हेच सगळं करतात. फसवणूक तिथंच होती. तक्रार केली की तो उत्तराऐवजी गृहपाठ द्यायचा, आणि गृहपाठ जमला नाही की दोष आमच्या हाताचा. शेवटी शेवटी तर म्हणाला, “काका, रेसिंग गाडी आहे ही. ट्यूनिंग जमत नसेल तर खेळण्यातली घ्यायची होती.”

हे वाक्य स्पीकरवर होतं आणि लेक शेजारी बसली होती. दुसऱ्या दिवशी बघतो तर तिनं मागचा गिअरबॉक्स चौथ्यांदा उघडून ठेवलेला, स्क्रू वाटीत मोजून. म्हणाली, “बाबा, माझ्यामुळं बिघडली का हो?”

पुढच्या सोमवारी गाडी मी कंपनीत नेली. शिरोली एमआयडीसीत मी तपासणी विभागात आहे; कास्टिंग मोजल्याशिवाय मी पुढं पाठवत नाही. आमच्या मेंटेनन्समधल्या इलेक्ट्रिशियननं बग्गीकडं पाहिलंसुद्धा नाही. “बॅटरी काढा आधी,” म्हणाला, आणि पॅक काट्यावर ठेवला. १४८ ग्रॅम. हार्डकेसमधला खरा ५००० एमएएचचा शॉर्टी पॅक साधारण २०० ग्रॅमच्या आसपास भरतो. विजेची क्षमता खोटी छापता येते, वजन छापता येत नाही. मग त्यानं त्याच्या चार्जरवर सेलचा इंटर्नल रेझिस्टन्स (आतला विरोध, जितका कमी तितका सेल चांगला) बघितला. चांगल्या रेसिंग पॅकमध्ये सेलमागं दोन ते पाच मिलिओहम असतो. आमचे १९ आणि २७. पूर्ण चार्ज करून मोजून रिकामा केला तर २७०० एमएएच निघाले. टेबललॅम्पखाली लेबलचा कोपरा नखानं उचलला. वरचं चकचकीत लेबल अलगद निघून आलं आणि खाली दुसरं, अर्धवट खरवडलेलं. त्यावर ३२०० वाचता येत होतं.

आता गाडी का अडखळत होती ते बघा. दोन्ही सेल मिळून ४६ मिलिओहम. पूर्ण थ्रॉटलला ४० अँपिअर ओढले की जवळजवळ १.८ व्होल्ट बॅटरीच्या आतच जिरतात. ८.४ वरून थेट साडेसहावर. ईएससीचा कट-ऑफ सेलमागं ३.२, म्हणजे दोन सेलना ६.४ व्होल्टला लावलेला. पॅक जरासा उतरला की पट्ट्यावर ईएससी पॉवर तोडणार, आणि बोट सोडलं की व्होल्टेज पुन्हा वर. शॉक ऑइल बदलून हे कसं सुधारणार? आणि हवेत चाकं फिरवताना मोटर जेमतेम चार-पाच अँपिअर घेते. तेव्हा हीच मेलेली बॅटरी ठणठणीत दिसते.

मोटरची गोष्ट याहून वाईट. मोटर नामांकित कंपनीची, अस्सल होती, तिच्यावर माझा सगळा विश्वास बसला होता. पण आधीच्या हातांनी ती तापवून तापवून रोटरचं, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाचं, चुंबक अशक्त केलं होतं. साधं निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या आसपास दम टाकायला लागतं, रेसिंगच्या रोटरमधलं थोडं जास्त सोसतं, पण सोसण्याला हद्द आहे. आणि मला हादरवलं ते यानं, की चुंबक अशक्त झालं की बिनओझ्याची मोटर हळू नाही, उलट जास्त जोरात फिरते. ओढ कमी, करंट जास्त, उष्णता जास्त, पण हवेत वेग वाढलेला. म्हणजे व्हिडिओतली जी किंचाळी ऐकून आम्ही भाळलो, तेच बिघाडाचं लक्षण होतं. कंपनीतल्या टॅकोमीटरवर नवा रोटर घालून पुन्हा मोजलं तेव्हा बिनओझ्याचे फेरे कमी झाले, आणि मातीवर गाडी पहिल्यांदा मागच्या चाकांनी माती उडवत निघाली.

‘रिबिल्ड’ केलेला बॉल डिफ उघडला तर आत रिंगांवर बोटाला लागेल असा चर पडलेला. तो खरखर करू नये म्हणून जाड ग्रीस कोंबलं होतं. घेताना स्पर आणि एक चाक घट्ट धरून दुसरं चाक हातानं फिरवून बघितलं असतं, तर ते लगेच घसरलं असतं. मागच्या बल्कहेडला, म्हणजे मागचे भाग धरून ठेवणाऱ्या सांगाड्याच्या तुकड्याला, तडा होता, फेविक्विक भरून वरून काळा मार्कर ओढलेला. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं आणि पांढरी रेघ उघडी पडली.

हे सगळे फोटो त्याला पाठवले. दोन निळ्या टिका आल्या, मग नंबर ब्लॉक. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोलिसांत अर्ज दिला. पैसे आजवर परत आलेले नाहीत. १९३० वर जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मध्येच अडवण्याची शक्यता जास्त असते. आमचे दोन महिने पिनियन आणि ऑइलमध्ये गेले होते. ग्राहक आयोगाचंही विचारलं. तिथं समोरचा धंदा म्हणून विकतो हे दाखवावं लागतं, आणि आमच्याकडं बिल नाही. ‘घरची गाडी विकतोय’ असं तो पहिल्याच दिवशी का म्हणाला, ते आता समजतं.

तेव्हा कुणी घेत असाल तर व्हिडिओ जमिनीवरचा मागा, मातीवर, थेट कॉलवर, एक पूर्ण पॅक संपेपर्यंत न थांबता. पॅक स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायला सांगा आणि चार्जरच्या पडद्यावरचा रेझिस्टन्स दाखवायला सांगा. ज्याच्याकडं रेसिंग गाडी आहे त्याच्याकडं हे दोन्ही असतं. जमलं तर गाडीभाडं खर्चून स्वतः जा. कोल्हापूर ते पुणे एसटीचं तिकीट आमच्या नुकसानीपुढं काहीच नव्हतं. आणि घेतलेली गाडी अडखळली तर पहिल्याच दिवशी बॅटरी तपासा, बाकी कशालाही हात लावू नका. फुगलेला किंवा संशयास्पद पॅक घरात चार्ज करू नका, हे तर आहेच. आमच्या दोन्ही पॅकची हार्डकेस शिवणीजवळ उकललेली होती आणि लेक ते अभ्यासाच्या टेबलावर चार्ज करत होती. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

लेकीला मी सगळं मोजमाप दाखवलं, लेबलाखालचं लेबल तिच्याच हातानं काढायला लावलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग गिअरबॉक्स बंद करून, “माझी मेश बरोबर होती,” एवढंच म्हणाली. ती खरंच बरोबर होती. नवा रोटर, डिफच्या रिंगा, बल्कहेड आणि एक प्रामाणिक पॅक यांना आणखी अकरा हजार लागले. आता नवा पॅक आला की ती आधी त्याचं वजन करते आणि मार्करनं त्यावर लिहिते.

परवा ती जाहिरात पुन्हा लागली. नाव दुसरं, किंमत २६,०००. व्हिडिओ तोच, हिरवी भिंत, निळी मॅट, तीच किंचाळी. बल्कहेडवरचा काळा मार्करचा ओरखडासुद्धा दिसतो, थांबवून बघितलं तर. त्या व्हिडिओतली गाडी आमच्या घरी आहे.