लिंककार्ड जॉबमध्येच, की वेगळ्या मेंबरात?

मेनफ्रेमवर कंपाइल झालेले तुकडे जोडून चालवता येणारा प्रोग्राम बनवतो तो बाइंडर, आणि काय जोडायचं, काय नाव द्यायचं हे त्याला सांगणाऱ्या ओळी म्हणजे लिंककार्ड. बाइंडरला द्यायचं इनपुट मी दोन्ही पद्धतींनी तयार केलंय. पहिली पद्धत कंपाइल-लिंक एकाच जॉबमध्ये करण्याची. कंपायलर ऑब्जेक्ट (कंपाइल झालेला कोड) लोडसेट या तात्पुरत्या फाइलमध्ये टाकतो आणि लिंकच्या स्टेपला सिसिनमधून (जॉबमध्येच लिहिलेल्या इनपुटमधून) आपण तीन-चार ओळी त्याच्या मागे जोडतो. आयबीएमच्या आयजीवायडब्ल्यूसीएल या कोबोलच्या तयार प्रोसीजरमध्ये सिसलिन, म्हणजे बाइंडरचं इनपुट, असंच मांडलेलं आहे. दुसऱ्या पद्धतीत ऑब्जेक्ट कायमच्या लायब्ररीत राहतं, प्रत्येक प्रोग्रामच्या नावाचं एक लिंककार्ड पीडीएसमध्ये (अनेक मेंबर, म्हणजे छोट्या फाइली, ठेवणाऱ्या लायब्ररीत) असतं आणि सिसलिनला फक्त तेवढं मेंबर दाखवायचं असतं. पुढचं त्यातली इन्क्लूड स्टेटमेंट्स, म्हणजे ऑब्जेक्ट आणून जोडणाऱ्या ओळी, बघून घेतात. तुमच्याकडे एन्डेव्हरसारखं सोर्सच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल असेल तर हा निर्णय कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेला असतो, त्यामुळे पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

पहिल्या पद्धतीची मोठी सोय म्हणजे सगळं एकाच जागी दिसतं. शिळं ऑब्जेक्ट लिंक होण्याची भीती नाही, कारण ते जॉबबरोबरच जन्मतं आणि जॉबबरोबरच जातं. दुसऱ्या पद्धतीत ही भीती खरी आहे. सबप्रोग्राम कंपाइल करायचा राहिला तर इन्क्लूड गेल्या महिन्यातलं ऑब्जेक्ट निमूटपणे उचलतो आणि रिटर्न कोड शून्य, म्हणजे ‘सगळं ठीक’, येतो. मला हे दोनदा भोवलंय.

तरीही मी दुसरीकडे वळलो ते तयार प्रोग्रामला नाव देणाऱ्या नेम या एका स्टेटमेंटमुळे.

शेजारच्या टेबलावरच्या मित्राचा कंपाइल-लिंकचा जॉब मी कॉपी केला. सोर्सचं मेंबर बदललं, जॉबचं नाव बदललं, रन केला, शून्य. टेस्टला बसलो तर माझा बदल दिसेना. डिस्प्ले (मजकूर छापणाऱ्या ओळी) टाकले, तेही दिसेनात. पुन्हा कंपाइल, पुन्हा शून्य. स्टेपलिब (प्रोग्राम कुठून उचलायचा ते सांगणारी ओळ) तपासलं, लायब्ररीचा क्रम तपासला. जेवणानंतर तो मित्रच उठून आला: ‘‘अरे, माझ्या जॉबमध्ये तुझे डिस्प्ले कसे काय येतायत?’’ झालं होतं एवढंच की सिसिनमधल्या शेवटच्या ओळीत नेमपुढे त्याच्या प्रोग्रामचं नाव तसंच राहिलं होतं आणि कंसात आर, म्हणजे त्या नावाचं जुनं असेल तर ते बदल. म्हणजे मी दर वेळी माझा कोड त्याच्या लोडवर, म्हणजे तयार प्रोग्रामवर, चढवत होतो. बाइंडरची काही चूक नव्हती. त्याला जे सांगितलं ते त्याने केलं, शिवाय आयईडब्ल्यू२३२२आय या मेसेजखाली ती ओळ छापूनही दाखवली. शून्य आल्यावर सिसप्रिंट, म्हणजे बाइंडरचा छापील अहवाल, वाचतो कोण?

कार्ड वेगळ्या मेंबरात ठेवलं म्हणून असं होणारच नाही, असा दावा मी करणार नाही. नवं कार्डही जुन्यावरूनच कॉपी होतं. पण ते प्रोग्रामच्या आयुष्यात एकदाच होतं, जॉबची कॉपी मात्र दर आठवड्याला होते. आता मी कार्डात नेम लिहितच नाही. सिसएलमॉडच्या डीडीत (तयार प्रोग्राम कुठे ठेवायचा ते सांगणाऱ्या जॉबमधल्या ओळीत) मेंबरचं नाव सिम्बॉलिकने, म्हणजे एकदाच भरायच्या व्हेरिएबलने, देतो, तेच सिम्बॉलिक सिसलिनला. नेम नसला की बाइंडर सिसएलमॉडवरचं नाव घेतो, त्यामुळे नाव एकाच जागी टाइप होतं. हे पहिल्या पद्धतीतही जमतं, कबूल. फक्त तिथे ज्याच्या-त्याच्या जॉबमध्ये ज्याची-त्याची आवृत्ती असते आणि त्या सगळ्या शोधून सुधारायला कुणी जात नाही.

प्रोग्राम डीबी२ हा डेटाबेस वापरत असेल तर माझा कल आणखी स्पष्ट होतो. प्रोग्रामला डीबी२शी जोडणारं मॉड्यूल तो कुठे चालतो त्यावर ठरतं: टीएसओखालच्या बॅचला डीएसएनईएलआय लागतं, सीआयसीएसला (ऑनलाइन व्यवहारांच्या सिस्टिमला) डीएसएनसीएलआय, कॉल अटॅचला (प्रोग्राम स्वतःच डीबी२शी जोडून घेतो त्या पद्धतीला) डीएसएनएएलआय. प्रोग्राम ज्या डीएसएनएचएलआयला हाक मारतो ते नाव तिघांतही आहे, म्हणून चुकीचं घेतलं तरी लिंक बिनबोभाट होते आणि प्रोग्राम चालवताना आपटतो. कोणत्या प्रोग्रामला कोणतं, हे त्याच्या कार्डात एकदा लिहून ठेवलेलं बरं, दर वेळी आठवण्यापेक्षा.

प्रोग्राम कुठून सुरू करायचा ते सांगणाऱ्या एंट्री या ओळीचंही तेच. ती लिहिली नसेल तर कोणतं ऑब्जेक्ट आधी आलं यावर बरंच ठरतं. एका जॉबमध्ये दोन-तीन कंपाइल करून सगळं एकाच लोडसेटमध्ये जमवत असाल, तर कुणीतरी एक दिवस स्टेप वर-खाली करतोच. कार्डात एंट्रीची एक ओळ असली की ती चिंता मिटते. पहिला कॉलम मोकळा ठेवणं आणि बहात्तराव्यात चुकून काही न पडू देणं, हा जाच मात्र दोन्हीकडे सारखाच.

दोन तासांत फेकून द्यायचा टेस्ट प्रोग्राम असेल तर मी आजही सिसिनमध्येच ओळी टाकतो, त्यासाठी मेंबर करत बसणं जिवावर येतं. तो मित्र अजून सगळंच तसं करतो आणि त्याचं व्यवस्थित चाललंय. त्याचे जॉब कॉपी करणं तेवढं मी बंद केलंय.