घरात लॅनची वायर आहे, वाय-फाय कशाने जोडायचं? जुना राउटर, अ‍ॅक्सेस पॉइंट की मेश

दोन मजली घर, बांधतानाच भिंतीतल्या पाइपांतून लॅनची वायर टाकून घेतलेली. फायबरचा डबा (नेट कंपनीचा, वाय-फायही देणारा राउटर) जिन्याखाली, शेजारी आठ पोर्टचा स्विच (एका वायरीतून अनेक वायरींना जोड देणारा डबा), तिथून हॉलमध्ये, खालच्या बेडरूममध्ये आणि वरच्या खोल्यांत वायरी गेलेल्या. टीव्ही आणि डेस्कटॉप व्यवस्थित चालतात. मोबाइल घेऊन वर गेलं की मात्र व्हिडिओ कॉल अडखळतो, कारण डब्याचं वाय-फाय सळ्यांच्या स्लॅबपलीकडे नीट पोचत नाही. कोकणात, गोव्यात जुनी जाड चिऱ्याची भिंत मध्ये असेल, तर एकाच मजल्यावरही हीच गत.

अशा घरात सगळ्यात कटकटीचं काम, म्हणजे वायर ओढणं, होऊन गेलेलं आहे. त्यामुळे प्लगमध्ये खोचायचा रिपीटर इथे पहिल्याच फेरीत बाद. तो हवेतून सिग्नल उचलतो आणि हवेतूनच पुढे देतो. दोन्ही कामं एकाच रेडिओवर होत असतील तर वेग साधारण निम्मा होतो. त्यातून लोक तो जिथे सिग्नल मरतुकडा आहे नेमका तिथेच लावतात. भिंतीत वायर असताना हा खर्च करू नये.

उरतात तीन पर्याय: जुना राउटर, अ‍ॅक्सेस पॉइंट (वायरीतून आलेलं नेट वाय-फायने पसरवणारं उपकरण) आणि मेश (मिळून एकच वाय-फाय देणारा काही नगांचा संच). त्याआधी एक तपासणी मात्र करून घ्या, कारण पुढच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे असतं.

आधी वायर तपासा

वरच्या खोलीतल्या लॅनच्या जॅकला वायरीने लॅपटॉप जोडा आणि नेटवर्कच्या माहितीत लिंकचा वेग बघा. लॅपटॉपचा पोर्ट गिगाबिटचा असूनही १००० ऐवजी १०० एमबीपीएस दिसत असेल, तर बहुधा आठपैकी चारच तारा जोडलेल्या आहेत. १०० च्या वेगाला १, २, ३ आणि ६ या चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. नवीन जॅक बसवून आठही तारा नीट दाबल्या की काम होतं, वायर बदलावी लागत नाही.

दुसरी भानगड तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या स्वस्त वायरीची. तार ब्लेडने खरवडली की आत पांढरी निघते, दोन-चारदा वाकवली की तुटते. डेटापुरती ती चालूनही जाते, पण तिच्यातून वीज पाठवायची असेल तर लांब वायरीत व्होल्टेज पडतं आणि भार वाढला की पलीकडचं उपकरण आपोआप रीस्टार्ट होतं.

जुना राउटर

कपाटात पडलेला राउटर असेल तर खर्च शून्य. त्याच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, बरीचशी कामं आपोआप होतात. नसेल तर हाताने, आणि याच क्रमाने:

१. राउटर रीसेट करा. घराची वायर न लावता फक्त लॅपटॉप जोडा.
२. त्याचा पत्ता बदला. मुख्य डबा १९२.१६८.१.१ वर असेल आणि घरातल्या उपकरणांना शेवटचा आकडा १०० ते २०० असलेले पत्ते देत असेल, तर याला १९२.१६८.१.२ द्या. काही डबे २ पासूनच वाटप सुरू करतात, म्हणून आधी ती यादी बघा.
३. नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून वाय-फायचं नाव, पासवर्ड भरा. सुरक्षा किमान डब्ल्यूपीए२-एईएस.
४. डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) सगळ्यात शेवटी बंद करा. आधी केलं तर लॅपटॉपलाच पत्ता मिळत नाही आणि आत शिरायला खटपट करावी लागते.
५. घराची वायर लॅनच्या पोर्टात लावा. वॅनच्या (बाहेरून नेट आत घेण्याच्या) पोर्टावर चिकटपट्टी मारून टाका, म्हणजे पुढे कोणी ‘मदत’ करणार नाही.

डीएचसीपी चालू राहिलं तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतात. ज्या फोनला चुकीच्या वाटणाऱ्याकडून पत्ता मिळतो तिथे ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ दिसतं. आज एका फोनवर, उद्या दुसऱ्यावर. वायर वॅनमध्ये गेली आणि दोन्हीकडचे पत्ते वेगवेगळ्या मालिकेतले असले, तर नेट चालतं आणि म्हणूनच चूक कळत नाही. फक्त वरच्या फोनला खालचा प्रिंटर सापडत नाही, टीव्हीवर कास्ट होत नाही. कारण वरचा मजला आता वेगळं नेटवर्क झालेला असतो.

याची मर्यादा म्हणजे ३००-एन (वाय-फायचा कमाल वेग ३०० एमबीपीएस) वर्गातल्या बऱ्याच जुन्या राउटरांचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात. प्रत्यक्षात हाती ९४-९५ येतात. प्लॅन १०० चा असेल तर बिनधास्त वापरा. ३०० चा असेल तर गिगाबिट पोर्टचा, ५ गिगाहर्ट्झवर चालणारा साधा राउटर घेऊन त्याच रीतीने लावणं परवडतं.

वायरीतूनच वीज घेणारा अ‍ॅक्सेस पॉइंट

वायर छतापर्यंत किंवा वरच्या पॅसेजपर्यंत पोचत असेल, तर आमची पहिली पसंती याला. कारण वेग नव्हे, वीज. डेटा आणि वीज एकाच वायरीतून जातात, त्यामुळे वर अ‍ॅडॉप्टरही नको आणि सॉकेटही नको. जिन्याखालचा डबा आणि वीज पुरवणारा स्विच हे दोन्ही एका छोट्या यूपीएसवर टाकले, की लाइट गेली तरी दोन्ही मजल्यांचं वाय-फाय चालू राहतं. जुना राउटर वरच्या बेडरूमच्या सॉकेटवर असेल तर तो इन्व्हर्टरवर नसताना बंद पडणारच.

घेताना ८०२.३एएफ किंवा ८०२.३एटी, म्हणजे लॅनच्या वायरीतून वीज देण्याची मानकं, लिहिलेली बघा. एएफमध्ये स्विच एका पोर्टवर १५.४ वॉट देतो, एटीमध्ये ३०. २४ व्होल्टचे ‘पॅसिव्ह’ पद्धतीचे इंजेक्टरही (लॅनच्या वायरीत वीज सोडणारे छोटे डबे) मिळतात. ते पलीकडे कोण आहे हे न विचारता वीज सोडतात, तेव्हा त्यांची सरमिसळ नको. एकच पॉइंट लावायचा असेल तर स्विच बदलू नका. एक इंजेक्टर पुरतो, तो खोक्यात आहे का ते आधी विचारा.

छताचा पॉइंट छतालाच लावावा, कारण त्याचा अँटेना खाली आणि आजूबाजूला पसरेल असा बनवलेला असतो. तोच भिंतीवर उभा लावला की बराचसा सिग्नल एकाच दिशेला जातो. भिंतीच्या डब्यात बसणारे पॉइंटही मिळतात, पण आपल्याकडच्या मॉड्युलर डब्यांचं माप वेगळं असतं. पट्टी घेऊन मोजल्याशिवाय मागवू नका. दोन पॉइंटांसाठी बहुधा वेगळा कंट्रोलर (सगळे पॉइंट एका जागेवरून चालवणारी यंत्रणा) लागत नाही, बऱ्याच पॉइंटांत नेहमीची सेटिंग त्यांच्या स्वतःच्या पानावर होते.

मेश, पण वायरीवर

ज्या घरात सेटिंग बघणारं कोणी नाही, मुलगा पुण्यात आणि आई-बाबा गावी, तिथे मेश सोयीचा. अ‍ॅपमधून लांबून बघता येतो. बदल्यात कंपनीचं खातं काढावं लागतं आणि चॅनेलसारख्या गोष्टी बऱ्याचदा हातात राहत नाहीत. सगळे नग लॅनच्या वायरीने जोडता येतात का, आणि प्रत्येकावर गिगाबिट पोर्ट आहे का, हे खोक्यावर वाचा; काही स्वस्त संचांत मागच्या नगाला पोर्टच नसतो.

जोडणीत हमखास होणारी चूक अशी: मेशचा मुख्य नग राउटर मोडमध्ये (म्हणजे तोच पत्ते वाटणार असा) ठेवून तो फायबरच्याच स्विचमध्ये खोचतात, मग बाकीचे नगही त्याच स्विचमध्ये. असं चालत नाही. राउटर मोड हवा असेल तर फायबरचा डबा, मग मुख्य नग, मग स्विच आणि त्यावर बाकीचे नग, हाच क्रम. नाहीतर सगळा संच अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, मग कुठेही जोडा.

कुठलाही घेतला तरी

नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार सगळीकडे एकच ठेवा, चॅनेल मात्र वेगळे: २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ पैकी, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झवर खालच्या मजल्यावर ३६, वरच्या मजल्यावर १४९. कुठल्या पॉइंटला चिकटायचं हे फोन ठरवतो. वर गेल्यावरही तो खालच्यालाच धरून बसला, तर खालच्याची पॉवर कमी करा. वरच्याची वाढवून उपयोग होत नाही.

आणि छताला भोकं पाडण्याआधी पॉइंट लांब पॅच कॉर्डवर (दोन्ही टोकांना प्लग असलेल्या तयार लॅन वायरीवर), तात्पुरता टेपने चिकटवून बघा. दारं लावून घ्या, शेवटच्या खोलीच्या कोपऱ्यात उभे राहा आणि मोबाइलवरच्या वाय-फाय अ‍ॅनालायझरमध्ये ५ गिगाहर्ट्झच्या सिग्नलचा आकडा (डीबीएम) वाचा. उणे ६५ किंवा त्याहून बरा, म्हणजे उणे ६०, ५५ असा आला तर ड्रिल काढा. उणे ७५ आला तर पॉइंट पॅसेजमध्ये दोन फूट पुढे सरकवून परत मोजा.